भाऊबंदकी बघायची तर चोप्रांचं ‘महाभारत’

एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी आणि पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला लोळवलं, हे ऐकतच वाढलेल्या खानदेशी माणसाला बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ या दूरदर्शन मालिकेची गोष्ट सांगायला नको. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, एकूण ९४ भाग, एकेक साधारण पाऊण तासाचा. एवढा वेळ घालवायचा तो भाऊबंदकीसाठी, युद्धासाठी नाही. बाण हवेत एकमेकांना भिडतात ते आता नातवंडांना हसायला पुरतं.

आणि भाऊबंदकी बघायची तर दुर्योधनापेक्षा धृतराष्ट्रावर लक्ष ठेवा. पुनीत इस्सरचा दुर्योधन दणकट आहे, कधीकधी जरा जास्तच ओरडतो. पण जळजळीचं मूळ गिरिजा शंकरच्या धृतराष्ट्रात आहे. डोळ्यांची मदत नाही, सगळा भार आवाजावर. थोरला असून आंधळेपणामुळे गादी धाकट्या पांडूकडे गेली. बापाने ती सल गिळली, पोराने ओकली.

वाटणीचा भाग तर आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. काळी कसदार जमीन स्वतःकडे, चुलतभावांना खांडववनाचं बरड. त्यांनी बरडाचं इंद्रप्रस्थ केलं आणि ज्यांनी ते टाकाऊ म्हणून दिलं त्यांच्याच पोटात दुखू लागलं. शेजारच्या खडकाळ तुकड्यात बोअरला पाणी लागून केळी उभी राहिली की बांधावरचा माणूस असाच बघतो. मूळ सभापर्वात आणखी एक बारकावा आहे: युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाच्या वेळी आलेले नजराणे स्वीकारायचं काम दुर्योधनाकडेच होतं. दुसऱ्याचं वैभव आपल्याच हाताने मोजून घ्यायचं! घेता घेता हात थकले, असं तो नंतर बापाला सांगतो.

इथेच मालिकेची मोठी चूक होते. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा ‘आंधळ्याचा पोरगा आंधळा’ हा टोमणा द्रौपदीच्या तोंडी टाकला आहे. व्यासांच्या कथनात त्या वेळी हसतात ते भीमासह पांडव आणि नोकरचाकर. हे वाक्य द्रौपदी बोलत नाही. टोमण्यामुळे प्रसंग झणझणीत होतो, पण आधी वर्षानुवर्षं मुरलेला मत्सर बाईच्या एका वाक्यावर ढकलला जातो. आजही पारावर लोक महाभारत घडलं कशामुळे, याचं उत्तर हेच देतात.

संवादलेखक राही मासूम रझांची भाषा संस्कृतप्रचुर हिंदी आहे, पण अडत नाही. कान ‘भ्राताश्री’ या शब्दावर ठेवा. संबोधन जितकं आदराचं, तितकं पुढचं वाक्य विषारी.

सगळे ९४ भाग झेपत नसतील तर कृष्णाच्या बालपणाचे वगळा आणि हा क्रम धरा: भीमाला विष, रंगभूमी (राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याचं प्रदर्शन), लाक्षागृह, वाटणी, मयसभा, द्यूत. रंगभूमी गाळू नका. अर्जुनाला तोड मिळाली म्हणून दुर्योधन कर्णाला तिथल्या तिथे अंगदेश देऊन टाकतो. औदार्य खरं, भीतीही तेवढीच खरी. हरीश भीमाणींच्या आवाजातला निवेदक ‘समय’ पुढे पळवू नका, पिढ्यांचा दुवा त्यातच आहे.

द्यूताचे भाग मात्र सलग बघा. पहिला डाव संपल्यावर धृतराष्ट्र द्रौपदीला वर देऊन सगळं परत करतो, आणि पोराने हट्ट धरताच वाटेला लागलेल्या पांडवांना पुन्हा खेळायला बोलावतो.