विंडोज ११ वर सहा महिने: बाकी ठीक, पण माझी डावीकडची पट्टी कुठाय?

आज सकाळीही तेच झालं. संगणक सुरू केला, हात सवयीने माउस डावीकडे घेऊन गेला आणि बाण पडद्याच्या कडेला जाऊन नुसताच आपटला. तिथे टास्कबार, म्हणजे प्रोग्रामच्या आयकॉनची पट्टी, नव्हता. जुलैपासून तिथे काही नाही, हे डोक्याला कळतं. मनगटाला अजून कळलेलं नाही.

फीचरची यादी सगळ्यांनी वाचलेली आहे, ती परत देत नाही. ज्यांचा संगणक अजून विंडोज १० वर आहे आणि जे रोज ‘उद्या बघू’ म्हणतायत त्यांच्यासाठी लिहितोय. मीही चार वर्षं तेच म्हणत होतो.

माझं यंत्र २०१८ चं. आठव्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅम, मध्यंतरी हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवलेली. काही अडत नव्हतं, आणि जे अडत नाही त्यावर खर्च करायचा नाही, वेळाचासुद्धा, अशी माझी रीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ आली तेव्हा मी ढुंकूनही पाहिलं नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ नंतर १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद होणार हे ठरलेलं होतं, आणि बँकेचे व्यवहार याच संगणकावरून होतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी नाइलाजाने बसलो.

पहिलाच निकाल: नापास. पीसी हेल्थ चेक, म्हणजे यंत्र ११ ला चालेल का हे तपासणारं मायक्रोसॉफ्टचं साधन, म्हणालं, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सुविधा) सापडत नाही. बरेच जण इथेच हाय खातात आणि नव्या संगणकाची चौकशी सुरू करतात. माझ्या हातून पैसे सहज सुटत नाहीत, ते इथे कामी आलं. आठव्या पिढीचा प्रोसेसर मान्य यादीत आहे, मग अडलं कुठे? बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारी यंत्राची मूळ सेटिंग, उघडल्यावर कळलं. सुविधा यंत्रातच होती, फक्त बंद ठेवलेली. इंटेलवर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. एक ओळ ‘डिसेबल्ड’ची ‘एनेबल्ड’ केली आणि तेच यंत्र त्या अटीत पास झालं. मात्र डिस्कवर एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती त्याच संगणकातल्या फाइलमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत.

दुसरी गाठ माझी मीच मारून ठेवलेली होती. एसएसडी बसवताना मी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली होती, त्यामुळे नव्या डिस्कवरही जुनीच एमबीआर मांडणी (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) आलेली. ११ ला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच सुरू व्हायची) क्षमता लागते, आणि यूईएफआयने सुरू व्हायचं तर डिस्क नव्या जीपीटी मांडणीची हवी. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाची आज्ञा आहे, ती डेटा न पुसता मांडणी बदलते. आधी फक्त तपासणी करून घ्यायची सोय आहे, ती वापरा. क्रम महत्त्वाचा: आधी डिस्क बदलायची, मग बायोसमध्ये लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, बदलून यूईएफआय करायचं. उलटं केलंत तर संगणक सुरूच होणार नाही आणि तुम्ही डिस्क गेली असं समजून घाम पुसत बसाल. मी उलटं केलं होतं. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता म्हणून नुसता घामावर सुटलो.

मुख्य अपग्रेडबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दीड-दोन तास गेले, फाइली, प्रोग्राम, मराठीचा कीबोर्ड, सगळं जागच्या जागी. मी संगणकावर लोकल खातं (मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं) वापरतो, तेही तसंच राहिलं. नव्याने इन्स्टॉल केलं असतं तर होम आवृत्तीने सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं असतं.

मग डेस्कटॉप उघडला आणि पट्टी खाली.

माझ्या संगणकावर टास्कबार कायम डाव्या कडेला उभा असायचा. हौस म्हणून नाही. पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे रुंदी मुबलक आणि उंचीची चणचण. मी दिवसभर लांबलचक मजकूर वाचतो, दुरुस्त करतो. उंचीतला एकेक पिक्सेल मला मोलाचा. १० मध्ये आडवी पट्टी ४० पिक्सेलची होती, लहान आयकॉन केले की ३०. ११ मध्ये ती ४८ झाली. पट्टी मोठी केली आणि हलवायची मुभा काढून घेतली! सेटिंगमध्ये पर्याय होता तो आयकॉन मधोमध ठेवायचे की डावीकडून सुरू करायचे, एवढाच. म्हणजे घर हलवायचं नाही, घरातलं कपाट हलवा. सुरुवातीच्या आवृत्तीत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, खुडबूड करून पट्टी निदान वर तरी नेता येत होती, पुढे तेही थांबलं. बाहेरची काही साधनं ती उभी करून देतात. मी एक बसवलं, दोन आठवडे आनंदात गेले, मग एका अपडेटनंतर पट्टीच उगवेना. काढून टाकलं.

मुलगी म्हणाली, “बाबा, खाली असली तर काय बिघडतं? सगळ्यांची खालीच असते.” तिला ४८ भागिले १०८० करून दाखवलं. पडद्याचा जवळजवळ साडेचार टक्के भाग गेला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून पुढचा हिशेब मनातच ठेवला.

परत जायची वाट असते. अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत जुनी विंडोज परत आणता येते, ती ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते. ही मुदत एका ‘डिझम’ आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र पहिले १० दिवस संपायच्या आत. मी तिसऱ्याच दिवशी वाढवली. दोन महिन्यांत पट्टीचा निकाल लागला नाही तर सरळ माघारी, असं ठरवून. फोल्डर वीसेक जीबी जागा अडवून बसतो, आणि डिस्क साफ करताना ‘आधीची विंडोज’ या खुणेवर चुकून टिचकी मारलीत तर वाट तिथेच संपते.

त्या साठ दिवसांत माझं मत थोडं हललं, ते कबूल करतो. फाइल एक्सप्लोररला टॅब आले आहेत. पूर्वी माझ्याकडे एका वेळी सात-आठ खिडक्या उघड्या असायच्या, आता एक. नोटपॅड बंद करून परत उघडलं की न साठवलेला मजकूर तसाच समोर येतो. अपडेटसाठी संगणक परत सुरू झाला तेव्हा माझ्या अर्ध्यामुर्ध्या टिपणांचे सगळे टॅब जसेच्या तसे उघडले, तेव्हा खरंच बरं वाटलं. विंडोज आणि झेड एकत्र दाबलं की खिडक्या मांडायचे नमुने समोर येतात. दोन मजकूर शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहायचं माझं काम त्याने सोपं झालं.

आणि इथेच माझ्या पट्टीच्या खटल्यात एक साक्षीदार उलटला. दोन खिडक्या शेजारी लावताना प्रत्येकीला पूर्ण ९६० पिक्सेल मिळायला लागले. पूर्वी उभी पट्टी साठेक पिक्सेल खायची, दोन्ही खिडक्या थोड्या आखडायच्या आणि मी वर्षानुवर्षं मजकूर डावी-उजवीकडे सरकवत बसायचो. हे मला कधी जाणवलंच नव्हतं. पट्टी आपोआप लपायची खूण केली, उंचीही परत मिळाली. म्हणजे हिशेबाने मी फायद्यातच आहे. तरी मला ती डावीकडेच हवी.

राइट-क्लिकच्या नव्या मेनूत अर्ध्या गोष्टी ‘आणखी पर्याय’च्या मागे गेल्यात. शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की जुना मेनू थेट येतो. पुढे.

माघार घ्यायला खरं कारण दिलं ते स्कॅनरने. जुना फ्लॅटबेड, काच स्वच्छ, दिवा ठणठणीत. अपग्रेडनंतर दोनेक आठवड्यांनी कागद स्कॅन करायला गेलो तर तो ओळखायलाच तयार नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. कंपनीचं नाव घेत नाही, दुसऱ्यांचेही अनुभव असेच असतील. “सर, ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही. नवीन मॉडेलवर सवलत आहे.” मी म्हटलं, अहो, मशीन चालू आहे, ते विंडोजशी जोडणारा ड्रायव्हर द्या. “सर, नवीन मॉडेलवर सवलत आहे.” तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच वाक्य ऐकवलं.

१० चे ६४ बिटचे ड्रायव्हर ११ वर बहुतेक वेळा चालतात. जुना ड्रायव्हर शोधून डिव्हाइस मॅनेजरमधून हाताने बसवला. तरी नाही. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कोअर आयसोलेशन’ या पानावर उलगडा झाला. तिथे ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू होती. खात्री नसलेला ड्रायव्हर थेट सिस्टिमच्या गाभ्यात शिरू नये म्हणून हा पहारा असतो, आणि न जुळणाऱ्या ड्रायव्हरची फाइल तिथे नावानिशी दिसते. आमचा स्कॅनर त्या यादीत. पहारा बंद केला, संगणक परत सुरू केला, स्कॅनर गुरगुरत जागा झाला.

दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी बँकेचा पासवर्ड टाकताना वाटलं, सुरक्षेसाठी सगळा खटाटोप करून ११ वर आलो आणि एका स्कॅनरसाठी त्याच सुरक्षेचं दार उघडं टाकून बसलोय. पहारा परत चालू केला. स्कॅनर परत मेला.

यातून सुटका झाली ती माझ्या बाबांच्या लॅपटॉपमुळे. २०१६ चा, सहाव्या पिढीचा प्रोसेसर. तो ११ ला चालतच नाही. अटी चुकवून बसवता येते, पण अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलंय, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती दर वेळी हाताने चढवत बसायला मला वेळ नाही. बाबा म्हणाले, “अरे, मला बातम्या वाचायच्या आणि पत्रं लिहायची. त्याला काय अकरा आणि काय दहा?” मग त्यावर १० च ठेवून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली. घरगुती वापरासाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. पैसे भरा, मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या किंवा पीसीची सेटिंग मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक करा. मी अर्थातच तिसरा मार्ग घेतला. खातं तिन्ही मार्गांना लागतं, म्हणून दातओठ खात ते उघडलं. एका नोंदणीत १० यंत्रं बसतात, तेव्हा घरात आणखी जुनी यंत्रं असतील तर त्याच खात्याने उरका. लक्षात ठेवा, यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नवीन काही नाही. बाबांना तेच हवंय.

स्कॅनर आता त्या लॅपटॉपला जोडलेला आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटी साठ दिवस भरले तेव्हा माघारी जायला एकच कारण उरलं होतं, पट्टी. ‘विंडोज.ओल्ड’ पुसून टाकलं.

कोणी विचारलंच तर: इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझन २००० पासून पुढचं यंत्र असेल, पीसी हेल्थ चेक पास म्हणत असेल आणि एसएसडी असेल, तर करून टाका. फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती बदला, नाहीतर तिचा सगळा संथपणा ११ च्या नावावर जमा होईल. यंत्र त्याहून जुनं असेल तर नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत शांत बसा. आणि घरातल्या प्रिंटर-स्कॅनरची चौकशी अपग्रेडच्या आधी करा, माझ्यासारखी नंतर नको.

बाबांच्या लॅपटॉपवर पट्टी डावीकडे उभी आहे. मीच कधीतरी लावून दिलेली, त्यांनी कधी हलवली नाही. काल दोन पानं स्कॅन करायला बसलो आणि पाऊण तास तिथेच होतो. बाबा दोनदा विचारून गेले, “झालं का रे?”