हिवाळी नैराश्यासाठी घेतलेला प्रकाशदिवा
नाशिकमधील सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला मी अंधारातच निघतो. सलग दोन हिवाळे अतिझोप, गोडाची ओढ आणि कशातच मन न लागणे असा त्रास होऊन उन्हाळ्यात तो आपोआप ओसरल्याचे ऐकून मनोविकारतज्ज्ञांनी ऋतुजन्य नैराश्याचे निदान केले व १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) दिवा सुचवला. उठल्यावर ३० मिनिटे, थेट न पाहता, त्याच्यासमोर बसावे लागते. ठरावीक अंतरापलीकडे प्रकाशाची तीव्रता झपाट्याने घटते, म्हणून जागा मोजूनच ठेवावी. दुसऱ्या आठवड्यात मला खरोखर हुरूप आला. दिव्याची तार आखूड आहे. मात्र द्विध्रुवी विकार (अतिउत्साह व नैराश्य आलटून-पालटून येण्याचा आजार) किंवा नेत्रविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये, ही सूचना खोक्यावर ठळक हवी होती. सुट्टीच्या सकाळी मी गोदाकाठच्या कोवळ्या उन्हात फिरतो.