१७० किलो कमी केलं म्हणे! ट्रॅक कार हलकी करायला देण्याआधी वाचा

रेस ट्रॅकवर पळवायची माझी गाडी हलकी करायला एका गॅरेजवाल्याला दिले एकूण २,८६,५०० रुपये. त्यातले दोन लाख रोख, बाकी यूपीआयने. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले रे?" हे पुन्हा कोणी विचारायला नको.

हाफ केज (गाडी उलटली तर जीव वाचवणारा पाइपचा सांगाडा, पण फक्त पुढच्या सीटमागचा) ९२,०००, कार्बनचं बॉनेट ४८,५००, बकेट सीट (अंगाला धरून ठेवणारी रेसची सीट) ४१,०००, हार्नेस (खांद्यांवरून येणारे रेसचे पट्टे) १८,५००, काचेऐवजी पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या खिडक्या २२,०००, लिथियम बॅटरी २६,५०० आणि गाडी आतून रिकामी करायची मजुरी ३८,०००. गाडी पोलो जीटी टीएसआय. बदल्यात हातात आल्या वजनकाट्याच्या दोन पावत्या. आधी ११८० किलो, नंतर १०१०.

हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. कोइमतूरच्या ट्रॅकवरचे चार व्हिडिओ, "सर, बाहेर याचेच चार लाख घेतात", आणि बिल मागितलं की "जीएसटी लावू का?" मलाही हे सगळं ठाऊक होतं, मी काही कालचा पोर नाही. पण माणसाचं वेल्डिंग दिसायला देखणं होतं, आणि देखण्या वेल्डिंगला भुलणारा मी पहिला नसेन.

पहिल्यांदा काट्यावर गेलो तेव्हा टाकी फुल होती. "सर, बसूनच राहा, दोन मिनिटांचं काम." दुसऱ्यांदा त्यानेच गाडी चढवली, खाली उतरला आणि पावती घेतली. परत येताना चालवत मी होतो, आणि डॅशवर पेट्रोलचा पिवळा दिवा पेटलेला होता. काट्यापासून गॅरेजपर्यंत तो दिवा माझ्या नाकासमोर होता. मनात आलं काय, तर वाटेत पेट्रोल भरायला हवं! टाकी ४५ लिटरची, पेट्रोल लिटरला साधारण ७४० ग्रॅम. ४० लिटरचा फरक म्हणजे ३० किलो. माझं वजन ७४. झाले १०४. खरं कमी झालं ६६ किलो, तेही १०-१० किलोच्या टप्प्याने मोजणाऱ्या ट्रकच्या काट्यावर. वजन करायचंच तर दोन्ही वेळा पेट्रोल तेवढंच, आत माणूस नाही, आणि जमलं तर चार चाकांखाली चार पॅडचा काटा.

आता हे ६६ किलो आले कुठून? मागची सीट, स्टेपनी, कार्पेट, तळाचं डांबरी शीट ही हक्काची बचत. ती घरी पाना-स्क्रू ड्रायव्हरने होते, ३८,००० लागत नाहीत. (मागचं वजन गेलं की गाडी मागून उचलली जाते, मागची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात. स्प्रिंगचा विचार तेव्हाच करायचा.) उरलेलं वजन त्याने जिथून काढलं तिथून कोणी शुद्धीवर असताना काढणार नाही. पुढच्या बंपरमागचा लोखंडी बीम गायब. दाराचं पॅड काढलं तर आतला आडवा बीम कापलेला. दोन्ही टोकांना ग्राइंडरच्या चाकाचे ओरखडे, वर काळा स्प्रे. फुल केजमध्ये दारापाशी आडवे बार असतात, तिथे बीम कापणं एक वेळ समजू शकतं. हाफ केजमध्ये ते नसतातच. म्हणजे बाजूने गाडी आदळली तर मध्ये उरतो नुसता पत्रा, आणि मग माझ्या बरगड्या.

केजचं गणित तर मी घरबसल्या करू शकलो असतो. एफआयए म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना. तिच्या नियमात मुख्य हूप (सीटमागची मोठी कमान) कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोड पाइपचा, ४५ बाय २.५ मिमी किंवा ५० बाय २. बाकीचे पाइप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. ४५ बाय २.५ चा पाइप मीटरला २.६ किलो भरतो, ३८ चा २.२. चार मीटरचा हूप आणि सव्वापाच मीटर बाकी पाइप धरले तर २२ किलो होतात. हा म्हणाला, "सर, क्रोमोली आहे, १४ किलोच." अहो, क्रोमोली झाली तरी पोलादच ते! त्याच मापाला वजन तेच. ती हलकी होते फक्त पाइपची भिंत पातळ केली तर. भोसरीत टूलरूममध्ये काम करणाऱ्या मित्राने ५ मिमीचं भोक पाडून जाडी मोजायला व्हर्नियर घातला. १.६ मिमी. भोकातून वाकडी तार आत फिरवली तर वेल्डची उभी शिवण हाताला जाणवली. म्हणजे साधा ईआरडब्ल्यू पाइप, पट्टी वळवून वेल्ड केलेला, फर्निचरला वापरतात तसला. केजच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंमीची प्लेट आणि तीन एम८ बोल्ट हवेत. इथे वॉशर होते. वॉशर!

सीटवर ८८५५-१९९९ चं, म्हणजे एफआयएच्या सीटच्या मानकाचं स्टिकर, पण ते मॉडेल एफआयएच्या यादीत नाहीच. पैसे देण्याआधी यादी बघा, पाच मिनिटं लागतात. सीटचे ब्रॅकेट लोखंडी असतील तर ३ मिमी, ॲल्युमिनियमचे असतील तर ५ मिमी. माझे २ मिमीचे ॲल्युमिनियम. खांद्याचे पट्टे मागच्या फ्लोअरला ठोकलेले. पट्टा आडव्या रेषेपासून ४५ अंशांहून जास्त खाली गेला की धडकेत मणका खाली दाबला जातो. खिडकीचा कोपरा कापून पेटवला, तर मस्त जळत राहिला. पॉलिकार्बोनेट जाळ काढला की विझतं. जळत राहतं ते ॲक्रिलिक, आणि फुटलं की त्याच्या सुऱ्या होतात. बॉनेटखाली पांढरा फायबर, वर कार्बनचा एक पापुद्रा. बॅटरीबद्दल बोलतच नाही.

सगळ्यात संताप कशाचा, तर डॅशबोर्डखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरचा. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग काढली, ठीक. पण एअरबॅगचा दिवा लागू नये म्हणून त्यात रेझिस्टर सोल्डर करून टेप गुंडाळली होती. गाडीलाही फसवलं.

मग तक्रार. पोलीस चौकीत पहिलं वाक्य, "ही दिवाणी बाब आहे." दुसऱ्या फेरीला, "बदल तुम्हीच करून घेतले ना? कलम ५२ माहितीये?" माहितीये, मोटार वाहन कायद्यातलं, गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करणारं. तेच सांगणारा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही माहितीये. म्हणूनच गाडी रस्त्यावर न चालवता ट्रॅकवर ट्रेलरवरून नेणार होतो. "मग आधी गाडीच जमा करावी लागेल." म्हणजे चोर सोडून संन्याशाला! तिसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्तात, चौथ्या फेरीला अर्जच सापडेना, पाचव्या फेरीला विचारलं, "पण हे रोल केज म्हणजे काय?" वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ज्या शहरात वेताळ टेकडीवर बसलीय, त्या शहरात मी टेबलावर कागद घेऊन पाइपची चित्रं काढत होतो. दुसऱ्या एका कार्यालयात फोन उचलणाऱ्या बाईंनी प्रत्येक वेळी वेगळा विभाग सांगितला. शेवटचा विभाग त्यांचाच निघाला.

पक्कं बिल घ्या, त्यावर पाइपचा ग्रेड, व्यास आणि जाडी लिहून घ्या. पाइपचं मिल सर्टिफिकेट (पाइप बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) मागा. "कशाला सर" म्हणाला की उठा. वेल्डिंगआधी पाइपचा तुकडा मागून घ्या. रंग मारायच्या आधी केज बघा.

वकिलाची नोटीस ३,५०० ला पडली, लॅबचा रिपोर्ट ४,८०० ला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, तेवढं बरं. पुराव्यासाठी केजचा एक वीतभर तुकडा ठेवलाय. बाकी कापून भंगारात दिलं. भंगारवाल्याचा काटा मात्र खरा निघाला. १४ किलो २०० ग्रॅम, ३४ रुपयांनी ४८२ रुपये ८० पैसे. त्याने ४८० दिले.