चौदा महिने, एक तार आणि बडोद्याची अगाशी

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचं, कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं स्वतःचं ओळखनाव) हातात आलं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. व्हीयू३ने सुरू होणारं, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं, जनरलच्या खालच्या पायरीचं. आता डिसेंबर २०२४ संपत आलाय, चौदा महिने झाले. सोसायटीत, ऑफिसात, माहेरी सगळीकडे एकच प्रश्न ऐकला: हातात मोबाइल असताना हे कशाला? तेव्हा मला नीट उत्तर देता यायचं नाही. आता देता येतं. हॅम रेडिओ सुरू करावा की नाही या विचारात कोणी असेल तर त्याच्या कामी येईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

परवान्याचं थोडक्यात सांगते. परीक्षेत रेडिओचा सिद्धांत आणि नियम असे दोन भाग. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने लागतं. वयाची अट १२ वर्षांची, परवान्याची फी २० वर्षांसाठी १,००० रुपये. अर्ज सरल संचार पोर्टलवर. महिनाभर रोज तासभर बसलं की अभ्यास होतो.

सामान असं: पाच वॅटचा एक हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचा जवळच्या पल्ल्याचा सेट, एक जुना एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा सेट (बेचाळीस हजारांना मिळाला, मी तो २०-२५ वॅटवरच चालवते), १२ व्होल्टची बॅटरी आणि अँटेनासाठी तार. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी सेटची निवड एका दिवसात उरकेन आणि उरलेले सगळे रविवार तारेला देईन. ऐकू येणं, न येणं हे निम्म्याहून जास्त तारेवर ठरतं, हे मला चार महिन्यांनी कळलं.

आम्ही कारेलीबागेत वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर अगाशी. मधोमध सहा मीटरचा पाइप, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारी तार, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. १४ मेगाहर्ट्झच्या बँडला दोन्ही हात मिळून साधारण १० मीटर तार लागते. घराच्या वायरिंगची दीड एमएमची वायर वापरली. प्लास्टिकचं वेष्टन असलं की तार हिशेबापेक्षा थोडी कमी लागते, हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे पहिल्या मापात एसडब्ल्यूआरचा (पाठवलेली शक्ती तारेवरून किती परत फिरते याचं माप, एकच्या जितकं जवळ तितकं बरं) खड्डा १३.८ मेगाहर्ट्झला पडला. मग दोन्हीकडून दहा-दहा सेंटीमीटर छाटले, पाइप पुन्हा उभा केला, मोजलं. तिसऱ्या खेपेला काटा १४.१वर १.३ दाखवायला लागला तेव्हा अंधार पडला होता. मी खाली जाऊन दोन प्लेट सेव-उसळ आणली आणि मी न् नवऱ्याने अगाशीवरच बसून खाल्ली.

मग आलं उत्तरायण. बडोद्यात राहून १४ जानेवारीला अगाशीवर तार ताणून ठेवणं ही माझी चूक. सकाळी नऊपर्यंत चार पतंग अडकले. मांजाने तांब्याला काही केलं नाही, पण टोकं बांधलेली नायलॉनची दोरी करवतीसारखी कापली आणि एक हात शेजारच्या टाकीवर लोंबकळला. वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, संपल्यावर पिशवीभर मांजा सोडवून दोरी बदलली. वाटलं, झालं. खरं नुकसान दिसलं जुलैत. एसडब्ल्यूआर रोज थोडा थोडा चढत होता, पाऊस थांबला की उतरायचा. पाइपाखाली कोॲक्स, म्हणजे तारेपासून सेटपर्यंत येणारी केबल, हातात धरून बोटाने चाचपत गेले तेव्हा काळ्या वेष्टनावर नखाएवढी चीर लागली. सोलून पाहिलं तर आतली तांब्याची जाळी वीतभर काळीहिरवी पडलेली. जानेवारीतल्या मांजाची चीर, त्यातून आषाढातलं पाणी. केबल नवी टाकली. तुमच्या गावात पतंग उडत असतील तर केबल पीव्हीसी पाइपातून खाली आणा.

दुसरा शत्रू म्हणजे घरातला गोंगाट. सेटवर कायम घरघर असायची, एस मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) नऊवर. एका रात्री मेन स्विच पाडला, सेट बॅटरीवर ठेवला, आणि काटा तीनवर आला. म्हणजे चोर घरातच. मग जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावला आणि एकेक खोली फिरले. टीव्हीपाशी थोडी घरघर, राउटरपाशी थोडी, आणि देवघरापाशी मात्र ट्रान्झिस्टर ओरडायलाच लागला. देवांवरच्या एलईडी माळेचा तळहाताएवढा ॲडॅप्टर! सासूबाईंना सांगताना अवघड वाटत होतं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, मग काढ की ती. समई आहे ना.’’ राउटरच्या वायरला फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाच्या) कड्यावर सात-आठ वेढे दिले. शेजारच्या छपरावरच्या सोलर इन्व्हर्टरचं मात्र काही करता आलं नाही. तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. दिवसा काटा अजूनही पाचवर असतो.

आता डिजिटल, म्हणजे बोलण्याऐवजी संगणकाने छोटे संदेश पाठवणं. एफटी८ नावाचा प्रकार २०१७ मध्ये आला, जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघांनी केलेला. टेलर म्हणजे रसेल हल्स यांच्यासोबत १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले, दूरच्या पल्सारचे, म्हणजे ठेक्यात रेडिओलहरी सोडणाऱ्या ताऱ्यांचे, क्षीण ठोके टिपणारे. हेच कसब इथे दिसतं. पंधरा सेकंदांचा एकेक कप्पा, त्यात १२.६४ सेकंद आठ सुरांची बासरी वाजते, रुंदी जेमतेम ५० हर्ट्झ. कानाला नुसती खरखर ऐकू येत असते आणि पडद्यावर कॉलसाइन उमटतं. २० डेसिबलने गोंगाटाखाली गाडलेला संदेश संगणक वर काढतो. दोघांची घड्याळं मात्र सेकंदाच्या आत जुळायला हवीत. माझा लॅपटॉप अडीच सेकंद मागे होता. दोन दिवस पडदा कोरा, आणि मी बिचाऱ्या तारेला बोल लावत होते.

घड्याळ लावलं आणि अर्ध्या तासात इटलीचं स्टेशन मिळालं. मी पाठवलं एमएल६२, म्हणजे नकाशातला बडोद्याचा चौकोन. त्याने उत्तर दिलं, उणे १७, म्हणजे माझा सिग्नल गोंगाटाच्या १७ डेसिबल खाली. नंतर मी अगाशीवर जाऊन त्या वायरकडे बघत उभी राहिले. मध्ये कुठलाही टॉवर नाही, सॅटेलाइट नाही, रिचार्ज नाही. माझी तार, लहरी परत वळवणारा आभाळातला थर आयनोस्फिअर आणि त्याची तार, बस्स.

आज ९१ देश झालेत. सौर चक्र २५, म्हणजे सूर्याच्या हालचालींचा चढउतार, ऐन भरात असल्याने वीस वॅटवर एवढं जमलं. हे भाग्य दर वर्षी मिळणार नाही, सूर्य शांत होत गेला की २८ मेगाहर्ट्झचा बँड महिने महिने मुका राहतो. तरी मार्चच्या सुमारास मला जाणवलं की मी रोज रात्री नुसत्या ओळी जमवतेय. समोरच्याचं नाव नाही, तिथे ऊन आहे की पाऊस ते नाही. तेव्हापासून मी एफटी८ वाऱ्याची दिशा बघावी तसं वापरते. सकाळी जपान-ऑस्ट्रेलिया, दुपारनंतर युरोप, असं आभाळ कसं फिरतं ते पंधरा मिनिटांत कळतं. ११ मे २०२४चा शनिवार तर विसरणार नाही. २००३ नंतरचं सगळ्यात मोठं भूचुंबकीय वादळ आदल्या रात्री उठलं होतं, लडाखात हानलेला आभाळ तांबडं झालं होतं, आणि इथे कारेलीबागेत एरवी ओळींनी भरणारा पडदा तास तास रिकामा. सूर्यावर घडलेली गोष्ट मी माझ्या खोलीत बघत होते.

इकोलिंकही, म्हणजे इंटरनेटवरून हॅम स्टेशनं जोडणारी सोय, दोन महिने वापरलं. आवाज स्वच्छ, माणसं छान. पण मधलं अंतर इंटरनेटच कापणार असेल तर त्यापेक्षा फोन बरा. हे माझं मत, पटलंच पाहिजे असं नाही.

ऑगस्टच्या पुराबद्दल लिहायलाच हवं. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५च्या वर गेलं. आमच्याकडे वीज पावणेदोन दिवस नव्हती, मोबाइलला काड्या दिसायच्या पण फोन लागायचा नाही. नणंद बडोद्यातच, अकोट्यात, नऊ तास तिचा पत्ता नाही. अकोट्यातच आमच्या ओळखीचे एक हॅम काका आहेत, पंचाहत्तरीचे, जानेवारी २००१च्या भूकंपानंतर गाडीची बॅटरी आणि सेट घेऊन भूजला गेलेले. मी अगाशीवर छत्रीखाली हँडहेल्ड घेऊन १४५ मेगाहर्ट्झवर हाक मारली. पहिल्याच हाकेला आवाज आला, ‘‘बोल ताई, ऐकतोय.’’ एरवी तिसऱ्या माणसाचा निरोप हॅमवर देता येत नाही, आपत्तीत देता येतो. त्यांचा नातू दोन गल्ल्या पलीकडे नणंदेकडे जाऊन आला आणि पाऊण तासाने काकांनी शब्द न शब्द वाचून दाखवला: ‘‘पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. माणसं सगळी वर. गॅस आहे, दूध नाही. काळजी करू नका.’’ नवऱ्याने तो निरोप ऐकला आणि काही न बोलता माझ्या हातातली छत्री स्वतःकडे घेतली.

मग बॅटरी पुरावी म्हणून काकांनी शिस्त लावली. दर तासाला ठोक्यावर पाच मिनिटं, बाकी वेळ सेट बंद. ही भूजमध्ये शिकलेली रीत. दोन दिवसांत आमच्या सोसायटीतल्या सहा घरांचे निरोप गेले-आले. ‘मोबाइल असताना हे कशाला?’ असं विचारणाऱ्यांत त्यातली चार घरं होती.

मार्चमध्येच ७ मेगाहर्ट्झसाठी लांब हात जोडले होते, टोकं कठड्यावरून दुमडून. सकाळी सातच्या सुमारास देशातली स्टेशनं आवाजावर भेटतात. एकदा सांगलीचे एक जण भेटले. बडोद्यातून मराठी बोलतेय म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, ‘‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?’’ आणि सिग्नल रिपोर्ट, म्हणजे समोरचा कसा ऐकू येतो ते, द्यायचं दोघंही विसरलो. लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदीत, ती ओळ अर्धीच आहे, मी ती तशीच ठेवलीय.

सध्या जनरल ग्रेडसाठी मोर्स चाललंय. मिनिटाला सहा शब्द येतात, त्यापुढे एच आणि ५ एकमेकांत मिसळतात. रोज पहाटे वीस मिनिटं बसते.

यंदा १२ जानेवारीला तार उतरवायची, १६ला पुन्हा चढवायची. सासूबाईंनी माळ्यावर तिच्यासाठी जागा आत्ताच करून ठेवलीय, एलईडी माळेच्या डब्याशेजारी.