संत्रा-टोपीचा विणकाम संच: लोकर उत्तम, सुया मात्र मोजून घ्याव्यात

नागपूरच्या सीताबर्डीतील लोकरीच्या एका जुन्या दुकानात यंदा दिवाळीनंतर लहान मुलांसाठी संत्र्याच्या आकाराची टोपी विणण्याचा संच विक्रीस आला असून, तो मी माझ्या चार वर्षांच्या भाचीसाठी ६५० रुपयांना घेतला. नारिंगी अ‍ॅक्रिलिक लोकरीचा १०० ग्रॅमचा गुंडा, हिरव्या लोकरीची एक लहान लडी, दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया आणि नमुन्याचे छापील पत्रक एवढे साहित्य त्यात आहे. संत्रानगरीतल्या मुलीच्या डोक्यावर संत्रे, ही कल्पनाच मला इतकी आवडली की दुकानातला दुसरा कुठलाही नमुना मी पाहिला नाही.

लोकरीविषयी तक्रारीला जागा नाही. धाग्याला पीळ चांगला आहे, सुईच्या टोकाने त्याचे पदर सुटत नाहीत आणि दोनदा उसवून विणल्यावरही त्यावर लव आली नाही. ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून पाहिला, तेव्हा रंगही उतरला नाही. अ‍ॅक्रिलिक असल्यामुळे ती मुलांच्या कपाळाला टोचत नाही आणि घरी सहज धुता येते. मात्र तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने वीण कायमची लोळागोळा होते.

नमुना ज्यांनी बसवला, त्यांनी संत्रे नीट हातात घेऊन पाहिले असावे. काठ एक टाका सुलट, एक टाका उलट असा असून त्यावरचा भाग साबुदाणा विणीचा आहे, म्हणजे पुढच्या प्रत्येक फेरीत सुलट टाक्यावर उलट आणि उलट टाक्यावर सुलट टाका येतो. त्यामुळे उठणारे बारीक दाणे बोटाला थेट संत्र्याच्या सालीसारखे लागतात. माथ्याशी ९६ टाक्यांचे बारा-बारांचे आठ भाग पाडून, एक फेरी सोडून दुसऱ्या फेरीत प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणायचे आहेत. टाके कमी करण्याच्या अशा अकरा घटींनंतर सुयांवर आठच टाके उरतात आणि घटीच्या आठ रेषा देठाभोवती खाचांसारख्या गोळा होतात. मग त्या आठांचे चार करून, तेच चार टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवत न उलटता विणत गेले की गोल दोरी तयार होते, आणि तोच देठ. हा देठ शिवून लावलेला नसल्यामुळे मुलांनी कितीही ओढला तरी तुटून हातात येत नाही.

संचाचा खरा दोष सुयांमध्ये आहे. पत्रकात ‘क्रमांक ८ च्या सुया’ एवढेच छापले आहे, सुईच्या जाडीचे मिलिमीटरमधले माप कुठेही नाही. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेल्या ब्रिटिश क्रमांकांत ८ म्हणजे ४ मिमी, तर अमेरिकी क्रमांकांत ८ म्हणजे ५ मिमी. आणि संचात दिलेल्या सुया ५ मिमीच्या निघाल्या. टाक्यांची संख्या तर ४ मिमीच्या हिशेबाने धरलेली. माझ्या हाताने ५ मिमीच्या सुयांवर १० सेंमीमध्ये १८ टाके बसले, म्हणून ९६ टाक्यांचा घेर ५३ सेंमीच्या पुढे गेला आणि ५० सेंमी डोक्याच्या मुलीच्या नाकापर्यंत टोपी उतरली. विणलेली टोपी ताणून बसावी म्हणून डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंमी कमीच ठेवावी लागते. सैल टोपीत कानांना वारा लागतो आणि नागपूरच्या थंडीत ते चालत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. चार संध्याकाळींचे काम उसवताना मला फार वाईट वाटले. आधी १० सेंमीचा चौकोन विणून टाके मोजावेत, ही सूचना पत्रकात पहिल्याच ओळीत हवी होती, कारण असा संच प्रथमच विणायला बसणाऱ्या व्यक्तीला हा घोटाळा कधीच कळणार नाही आणि दोष आपल्याच हाताचा आहे, असे समजून ती विणकाम सोडून देईल.

दुसऱ्या खेपेस ४ मिमीच्या सुयांवर १० सेंमीत २१ टाके आले, घेर पावणेशेहेचाळीस सेंमी झाला आणि टोपी कानांवर नेमकी बसली. टोपीवरच्या हिरव्या पानाच्या बाबतीत मी पत्रक सोडून दिले. त्यात एक ओळ सुलट, एक उलट असे पान सांगितले आहे, पण त्या विणीच्या कडा वळतात आणि पानाची सुरळी होते; सगळ्या ओळी सुलट विणल्या, तर ते सपाट राहते.

दुकानातल्या काकांना मी दोन्ही टोप्यांची मापे सांगितली, तेव्हा त्यांनी सुईची जाडी मोजायच्या भोकांच्या पट्टीत सुई घालून पाहिली, “ताई, तुमचं बरोबर आहे,” असे म्हणून ४ मिमीच्या चार सुया पैसे न घेता बदलून दिल्या. पंधरा दिवसांनी गेले, तेव्हा मात्र मांडणीवरच्या संचांमध्ये तेच पत्रक आणि त्याच सुया होत्या. त्यामुळे संच जरूर घ्यावा, पण पाकीट गल्ल्यावरच उघडून सुया पट्टीवर मोजायला सांगाव्यात आणि ५ मिमीच्या निघाल्या तर तिथेच बदलून घ्याव्यात.