सेबीचं प्रमाणपत्र दाखवून माझ्या भावोजींना लुटलं

माझे भावोजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि फंड-ग्रॅच्युइटीच्या रकमेतले 11 लाख रुपये व्हॉट्सॲपवरच्या एका टोळीने नेले. ग्रुपमध्ये रोज शेअरच्या टिप्स यायच्या, सभासद ‘सरांचे’ आभार मानायचे. भावोजींनी शंका काढली तेव्हा सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं, नोंदणी प्रमाणपत्र आलं. त्यावरचा आयएनझेडने सुरू होणारा नंबर खराच होता, पण भलत्याच ब्रोकरचा, उचललेला. ताईला त्यांनी तेच दाखवलं, “अगं, सेबीची मान्यता आहे.”

मग त्यांना ‘इन्स्टिट्यूशनल अकाउंट’ उघडून दिलं. त्यातून आयपीओचे, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना विकते ते, शेअर हमखास मिळणार होते. असं खातं सेबीच्या नियमांत नाहीच, हे सेबीने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलेलं आहे. खऱ्या आयपीओत आपले पैसे आपल्याच बँक खात्यात ब्लॉक होतात, शेअर मिळाले तरच कापले जातात. भावोजींचे पैसे मात्र दर वेळी नव्याच नावाच्या करंट खात्यात आरटीजीएसने गेले. ॲपवर नफा वाढत राहिला. काढायला गेले तर आधी ‘सेबी टॅक्स’ भरा म्हणाले. सेबी गुंतवणूकदाराकडून असा कुठलाही कर घेत नाही.

आम्ही सेबीच्या स्कोर्स पोर्टलकडे धावलो. तिथे तक्रार चालते ती नोंदणीकृत ब्रोकर, सल्लागार किंवा लिस्टेड कंपन्यांविरुद्ध. बोगस टोळीसाठी पोलिसांकडेच जावं लागतं. 1992 च्या कायद्याने सेबीला नोंदणी, तपास, दंड, बंदी असे मोठे अधिकार आहेत, पण बुडालेले पैसे भरून देणारी ती विमा कंपनी नाही. आणि नोंदणी खरी असली, तरी ती परताव्याची हमी नसते. हे लोकांना कुणी नीट सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

कुणी प्रमाणपत्र पाठवलं तर तो नंबर सेबीच्या वेबसाइटवर स्वतः शोधा, आणि तिथे दिलेल्या फोन-ईमेलवरच विचारा. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी ‘ॲट व्हॅलिड’ आणि त्याला जोडून बँकेचं नाव असलेले यूपीआय आयडी आले आहेत. सेबीच्या ‘सेबी चेक’ या सुविधेवर त्यांचं बँक खातंही पडताळता येतं. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच गोठवता येते. आमचा फोन उशिरा गेला. एका खात्यात थोडी रक्कम सापडली, ती सोडवण्यासाठी कोर्टात अर्ज केला आहे.