पेटी की बासरी?
नुसती हौस असेल तर मी पेटी सुचवेन. भाता हलवला, पट्टी दाबली की सूर लागलाच. महिन्याभरात आरतीची चाल बसते. खोट एकच, पट्ट्यांवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही. असल्याच तक्रारींवरून आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली होती. आपल्याला कुठे रेडिओवर वाजवायचंय म्हणा!

बासरी स्वस्त, पिशवीतही मावते. सहाच भोकं, म्हणून सोपी वाटते. पण सुरुवातीला फुंकेतून नुसता वारा येतो आणि गरगरायला होतं. त्यात शुद्ध मध्यमासाठी, म्हणजे सारेगमतल्या साध्या ‘म’साठी, पहिलं भोक अर्धंच झाकायचं. बोट केसभर सरकलं की सूर घसरला. मात्र हात बसला की मींड अशी निघते, की पेटीवाल्याने निमूट भाता मिटावा.